नव्या चष्म्याचं माप

शुक्रवार पेठ, सोलापूर
गुरुवार, दुपार

प्रिय सिद्धू,

पाकीट हातात पडल्यावर आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, घरात सगळे धड आहेत. रोज फोन होत असताना आईला पत्र लिहायची ही काय दुर्बुद्धी सुचली, असंही तुला वाटेल. अगं, आपल्या घरी फोन म्हणजे सोप्यात लावलेला रेडिओ. मी हॅलो म्हटलं की मोठ्या अप्पांना ऐकू यावं म्हणून काकी येऊन स्पीकर लावतात, आणि तू काय जेवलीस, ऑफिसात कोण काय बोललं, हे वाड्यातल्या भाडेकऱ्यांनाही कळतं. त्यात मनातलं काय बोलणार? म्हणून आज जेवणं झाल्यावर वर माडीवर येऊन बसलेय. सुजलेला पाय उशीवर ठेवलाय आणि डोळ्यांवर जुनी चाळिशी लावलीय. तू दिलेला नवा चष्मा नाही लावला. का, ते सांगायलाच बसलेय.

रविवारी तू गाडी करून मला न्यायला येणार आणि दुकानावर काकींचा अमृत बसणार, हे आता घरात ठरल्यातच जमा आहे. काकींनी तुझ्यासाठी कडक भाकऱ्यांचा गठ्ठा बांधून ठेवलाय. अमृत परवापासून दुकानात जातो आणि तासातासाला मला फोन करून विचारतो, काकू, रामा ग्रीन म्हणजे नेमका कुठला हिरवा? मी इथून आंधळ्यासारखी सांगते, डावीकडे, वरून दुसरा खण. तू तिसरीत होतीस तेव्हा तुझे अप्पा गेले, आणि तेराव्यानंतर थोरले दीर म्हणून पुढे होऊन मोठ्या अप्पांनीच मला त्या मॅचिंग सेंटरच्या गादीवर बसवलं. नातेवाइकांनी नाकं मुरडली तेव्हा ते एकटे माझ्या बाजूनं बोलले. तेव्हा या पत्रात त्यांची निंदा आहे असं समजू नको. माणूस वाईट नाही. फक्त त्यांच्यासमोर माझ्या तोंडून हूं आणि नाही यापलीकडे शब्द फुटत नाही, आणि आता या वयात फुटेल असंही वाटत नाही.

आता चष्म्याचं ऐक. तो तू मोठ्या हौसेनं घ्यायला लावलास. जवळचं बघायला एक, लांबचं बघायला एक, असे दोन चष्मे आई दिवसभर शोधत बसते आणि दोन्ही कपाळावर असतात, अशी माझी नक्कलही करून दाखवलीस. एकाच काचेत वरून लांबचं, मधून हातभर अंतरावरचं आणि खालून जवळचं, आणि मधे रेघ नाही, हे ऐकून मलाही बरं वाटलं. आमचा धंदाच तसा आहे. गिऱ्हाईक समोर, तागे मागच्या फळीवर आणि साडीचा काठ हातात, तिन्ही एका वेळी दिसायला लागतं. तुझी रजा संपली म्हणून माप द्यायला मोठे अप्पा घेऊन गेले. चष्म्याच्या दुकानात श्रीमंत नावाचा जो आहे, त्यानं रिकामी फ्रेम माझ्या नाकावर बसवली आणि माझ्या बुबुळासमोर पेननं खूण करू लागला. मोठे अप्पा त्याच्या पाठीमागच्या खुर्चीवर बसले होते, म्हणून मी पदर सावरून बसले. मावशी, माज्याकडं बघा, म्हणाला. मी बघितलं. त्यानं खुणा केल्या आणि आम्ही रसवंतीत रस पिऊन घरी आलो.

चष्मा आला त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले ते मी तुला सांगितले नाहीत. तू विचारायचीस, मी छान आहे म्हणायचे. छान कसलं! जमीन पोटाशी आल्यासारखी वाटायची. नजर बाजूला गेली की फळ्या पाण्यात हलल्यासारख्या हलायच्या. श्रीमंतनं सांगितलं होतं की कडेनं थोडं धूसर दिसणारच, नुसते डोळे फिरवू नका, नाक तिकडं न्या, पायरी उतरताना मान खाली घ्या, थोड्या दिवसांत सवय होईल. ते मी सगळं केलं. पण वरच्या फळीकडे बघायला मान उचलली की तागे एकमेकांत विरघळून जायचे. रस्त्यावरून ओळखीची बाई हात करून गेली तरी मला तिचं तोंड दिसायचं नाही. काकी म्हणाल्या सवय होईल. अमृत म्हणाला सवय होईल. या घरात आले तेव्हापासून हे दोन शब्द मी इतके ऐकलेत की त्यांचाच मला आता कंटाळा आलाय. तरी वाटलं, सगळ्यांना होते तर मलाही होईल. होत नाही म्हणजे डोळ्यांतच काहीतरी बिघडलं असणार, या भीतीनं झोप लागायची नाही.

आणि मग ती सोनाबाई आली. माढ्याकडची, लेकीच्या लग्नाची साडी घेऊन आलेली. रंग नेहमी उन्हात बघायचा ही तुझ्या अप्पांची शिकवण, म्हणून साडी आणि पीस घेऊन तिला पायरीवर घेऊन गेले. पायरी होती त्याच्यापेक्षा वरच दिसली आणि मी सरळ रस्त्यावर. सोनाबाईनं मला धरायच्या आधी साडी धरली, आणि मग ओरडायला लागली, 'आवं, बाईला दिसत न्हाय की काय! कुणीतरी या की हितं!' सगळी गल्ली गोळा झाली. मोठे अप्पा धावत आले. ते घाबरले की कानडीत बोलतात हे तुला माहीत आहे. 'साकु बिडु, साकु,' एवढंच म्हणत राहिले. पुरे झालं, सोड आता. मला माझ्या पायापेक्षा त्यांचं वाईट वाटलं. त्याच दिवशी त्यांनी तुला फोन लावला आणि तुझ्याकडे कायमचं येण्याचं तू मला विचारलंस.

आता मुख्य गोष्ट. पाय थोडा टेकायला लागल्यावर मी परवा दुकानात गेले, अमृतला फळ्या समजावून द्यायला. तो चहाला गेला आणि तेवढ्यात मोठे अप्पा आले. नेहमीप्रमाणे माझा हात पदराकडे गेला, मान खाली गेली. ते किल्ल्यांबद्दल काहीतरी बोलत होते आणि मी खालच्या मानेनं नुसती नजर उचलून दाराबाहेर बघत होते. तर समोरच्या गिरणीची पाटी दिसली. नुसती दिसली नाही, तिच्यावरचा फोन नंबरसुद्धा वाचता आला. ते गेले, मी सरळ बसले, आणि पाटी गेली! परत मान खाली घातली, आली. वर केली, गेली. असं मी किती वेळा केलं असेल कोण जाणे. दारात एक बाई ब्लाऊजपीस मागायला आली होती, ती माझ्याकडे बघून तशीच परत गेली. मला हसू आवरेना.

मी कुणाला न सांगता रिक्षा केली आणि श्रीमंतकडे गेले. एकटी. त्यानं चष्मा घालायला लावला, काचेवरच्या बारीक खुणा शोधून त्यावर ठिपके दिले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. ठिपके माझ्या बुबुळाच्या पार वर, भुवईकडे चालले होते. म्हणजे मान सरळ असली की समोरचं मला मधल्या भागातून दिसत होतं आणि पायाखालचं जवळच्या. लांबचं बघायचा भाग राहिला होता वर, कपाळाशी. मग त्याला आठवलं. 'मावशी, तुमी त्या दिवशी मान खाली घालून नुसती नजर वर केली व्हती. मला वाटलं तुमची बसायची रीतच तशी हाय. मी बी बोललो न्हाय, चूक माजी बी हाय.' मी काय सांगणार त्याला? समोर थोरले दीर बसलेले असताना परक्या माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून कशी बसू, हे त्याला कळलं नसतं. किंवा कळलंही असतं. त्यानं परत माप घेतलं. समोरची खुर्ची रिकामी होती, तरी माझी मान आपोआप खाली जायची आणि तो हसून म्हणायचा, वर, मावशी, अजून थोडं वर. काचा बदलून देतो म्हणालाय. माझे डोळे चांगले आहेत, सिद्धू. पुन्हा तपासून बघितले त्यानं. वयाप्रमाणे जे व्हायचं तेवढंच झालंय.

आता तू म्हणशील, आई, मग आनंदात का नाहीस? अगं, मी दमलेय. खोटं कशाला बोलू. शटर उचलताना खांदा भरून येतो, संध्याकाळी पाय दगड होतात, आणि त्याच त्या बायका तोच तो मोतिया रंग दहा वेळा उलगडायला लावतात तेव्हा ओरडावंसं वाटतं. तुझ्या गॅलरीत बसून आयता चहा प्यायला कुणाला आवडणार नाही? तू माझ्यासाठी खोली आवरलीस, पलंग बदलून घेतलास, हे काकींकडून कळलं तेव्हा मी माडीवर येऊन रडले. कधी ना कधी मी येईनच तुझ्याकडे. पण दमलेय म्हणून येणं वेगळं आणि आंधळी ठरवून उचलून नेणं वेगळं. दुकान सोडायचं तर ते मी सोडेन, माझ्या मनात येईल त्या दिवशी. ते दुकान नसतं तर तुझे अप्पा गेल्यावर मी या घरात नुसती कुणाची तरी विधवा म्हणून स्वयंपाक करत राहिले असते. तिथे बसले की चार बायका माझं मत विचारतात. घरात मला कुणी काही विचारत नाही.

म्हणून रविवारी ये, पण रिकामी परत जा. मोठ्या अप्पांना मीच सांगणार आहे, तू आल्यावर, तुझ्यासमोर. तू मधे बोलू नको, मला धीर देऊ नको, नुसती बस. कसं सांगायचं ते अजून जमलेलं नाही. जीभ अडखळेल, कदाचित रडूही येईल, आणि ते दुखावतील हेही मला माहीत आहे. तूही दुखावशील. तू म्हणशील, आई, मी तुला स्पष्ट विचारलं होतं, येशील ना, आणि तू स्पष्ट हो म्हणाली होतीस. म्हणाले होते, बाळा. पण तेव्हा फोन मोठ्या अप्पांच्या हातात होता आणि ते माझ्यासमोर बसले होते.

तुझीच,
आई