मधल्या भिंतीखालचा आड

॥ श्री ॥
उमरगा, ता. ३ ऑक्टोबर १९४५

चि. गुरुलिंग यास नीलम्माक्काचे अ. आ.

एकट्या बाईनं आडाचा गाळ काढायचा घाट घालू नये, असं तू लिहितोस. उशीर झाला, गाळ निघाला. बिरू गवंडी आणि त्याच्या भावांनी झरे मोकळे केले, ढासळलेले दगड चुन्यात बसवले. मी शाळेतून वजिफ्यावर, पेन्शनीवर आले म्हणजे अक्कलही शाळेत ठेवून आले असं नाही.

पण एक समजत नाही. माणसं आत उतरली होती, म्हणून कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे मी पाणी शुद्ध करायचं तांबडं औषध टाकलं. पाणी छान गुलाबी झालं. सकाळी पाहते तर पांढरं! रेवणसिद्ध गवळ्याच्या दुधापेक्षा दाट. बिरूला म्हटलं की तुझा चुना विरघळतोय. तो म्हणतो, चुना पक्का हाय, पानीच इपरीत हाय. पुन्हा उपसायला लावलं.

लोभ आहेच, तो वाढवायची तसदी नको.
नीलम्मा

॥ श्री ॥
सोलापूर, ता. ९ ऑक्टोबर १९४५

ती. अक्कास गुरुलिंगचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आम्ही हसलो, मग काळजी वाटली. अक्का, आड आपल्या एकट्याचा नाही, हे विसरलात का? आजोबांनी शेजाऱ्यांबरोबर खणला आणि वर कमान घालून मधली भिंत उभी केली. अर्धं तोंड आपल्या परसात, अर्धं रुद्रम्माबाईंच्या; पाणी खाली एकच. त्यांना एवढं विचारा की तुमच्याकडं कसं येतं? त्यांच्या चन्नम्माला तुम्ही चौथीत नापास केलंत तेव्हापासून तुम्ही दोघी बोलत नाही, हे ठाऊक आहे. पण चन्नम्माला आता स्वतःची लेकरं आहेत.

पखालीच्या विकतच्या पाण्यावर या वयात तुम्हाला राहू देणार नाही. दिवाळीपर्यंत आड सुधारला नाही तर येऊन घराला कुलूप लावीन आणि तुम्हाला मोटारीत बसवीन. हिनं खोली झाडून ठेवली आहे.

रागवा, पण माया तेवढी राहू द्या.
आपला, गुरुलिंग

॥ श्री ॥
उमरगा, ता. १७ ऑक्टोबर १९४५

चि. गुरुलिंग यास अ. आ.

कुलूप लावायला ये तर खरा! रुद्रम्माला विचारायला मी जाणार नाही. तिच्या लेकीला भागाकार येत नव्हता. तो मी चोरला नव्हता.

दुसऱ्यांदा उपसल्यावर मी औषध दुप्पट टाकलं. गुलाबी झालं. दुसऱ्या दिवशी चहासारखं, परवा पुन्हा पांढरं, तळाशी साका. बिरू माझ्याकडं बघतो, मी बिरूकडं. आज तो आलाच नाही. दगडातून काही पाझरतं का? झराच नासला का? शिकवताना मला उत्तर येत नाही असं कधी झालं नव्हतं. काल ट्रंक माळ्यावरून काढली, लुगडी भरली, मग चिडून बाहेर काढली. या घरातून मला पाण्यानं हाकलावं? उद्या तिप्पट टाकते.

तुझी अक्का

॥ श्री ॥
उमरगा, ता. २३ ऑक्टोबर १९४५

चि. गुरुलिंग यास अ. आ.

मोटारीचं तिकीट काढलं असशील तर परत कर.

काल पाण्याचा रंग बघायला बादली सोडली, ती वर येईना. ओढलं तर खालून कुणी ओढलं. भिंतीखाली माझा दोर रुद्रम्माच्या दोराशी गुंतला होता. मी ओढायची, ती ओढायची. दोघींच्या बांगड्या वाजत होत्या, तोंडं बंद. शेवटी माझा हात सोलला आणि मीच आडात तोंड घालून म्हटलं की सोडा. आतून घुमून उत्तर आलं की बाई, आधी तुम्ही सोडा, आन् पान्यात रंग कालवायचं सोडा. पाणी निवळावं म्हणून रोज चुना टाकून टाकून ती दमली होती म्हणे. तरी पानी लालच हुतंय!

मी काठावरच बसले. गुरुलिंग, मी तिचा चुना मारत होते आणि ती माझं औषध. पखालवाला मात्र दोन्ही दारांत हसत पाणी घालत होता.

तिनं भिंतीपलीकडून विचारलं की बाई, आता कितीनं भागायचं? टोमणा होता. मी कबूल करते की चांगला होता.

आड उपसायला बिरू उद्या येतो, दोन्ही घरांच्या निरोपानं. यापुढं औषध कुणी टाकायचं यावर आज सकाळी आम्ही पुन्हा भांडलो. तासभर, तोंडानं. चहा तिनं केला.

ट्रंक माळ्यावर ठेवायला तेवढा ये. भावजयीला सांग, झाडलेल्या खोलीत तूच राहा.

माया होती तेवढीच आहे.
तुझी अक्का