दोन हात आणि निरगुडीचा अर्क

नागभीड

आदरणीय अंकुशमामा,

सविनय जयभीम. इकडे सारे ठीक. तुमचा गुडघा विहाराची पायरी चढू देतो की नाही, ते कळवावे. मामीला जयभीम. (फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि बाजूला उभ्या आईला सगळं ऐकू येतं, म्हणून पत्र.)

तुम्ही आणलेल्या स्थळाचा वृत्तांत असा. राजुऱ्याचे खुशालभाऊ आणि त्यांची मुलगी सत्यशीला (तुम्ही म्हणालात तशीच नर्स, पण फोटोपेक्षा उंच) रविवारी आम्हाला बघायला येणार, हे मला माहीत होतं. डासांना माहीत नव्हतं. माझी पीएच.डी. निरगुडीच्या झुडपावर आहे. तिच्या पानांत कॅरिओफायलीन, सॅबिनीन, फ्लेव्होनॉईड अशी मंडळी राहतात. ती डासांना पळवतात का, हे बघायला एका हाताला अर्क लावायचा, दुसरा कोरा ठेवायचा आणि संध्याकाळी धानाच्या बांधीवर बसून चावे मोजायचे. गाइड म्हणाले, स्वयंसेवक शोधा. गावात फुकट चावून घ्यायला कोणी तयार होईना. (अंजनाबाई चहावर तयार झाल्या होत्या, पण सून येऊन घेऊन गेली.) शेवटी शनिवारी मीच बसलो.

रविवारी डावा हात सुजून टम्म, वर लाल चट्टे. लांब बाह्यांचा शर्ट आईनं नेमका भिजत घातलेला. खुशालभाऊंनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि पोराले हे कधीपासून आहे, असं आईला विचारलं. आई घाबरली की चेहऱ्यानं सगळं कबूल करते. स्थळ तिथंच गेलं होतं, मामा, आणि मला ते जाऊ द्यायचं नव्हतं (मुलगी आवडली, एवढंच लिहितो). मी दोन्ही हात पुढे केले. डावा कोरा, उजवा अर्काचा, असं समजावलं. उजव्यावर एक चावा नव्हता. खुशालभाऊ सर्दीनं चोंदलेल्या नाकातून "पोरगं कामाचं आहे" म्हणाले आणि अर्काची बाटली मागून घेऊन गेले. तेव्हा तारीख काढायला हरकत नसावी.

आपला भाचा,
अश्वजित

ता.क. तारखेची घाई करू नये. कॉलेजात अल्कोहोल आलं नव्हतं, म्हणून पानं मी मोहाच्या दारूत भिजवली होती, हे वर लिहायचं राहिलं. मी पाणी द्यायला गेलो तेव्हा सत्यशीला हळूच म्हणाली, "मोहाचा वास तर डाव्या हाताचा येऊन राह्यला. औषध त्याच हाताले लावलं नं? मंग थीसिसमध्ये काय लिहिसान?" काल लिहिलं : अर्क लावलेल्या हाताला डास जास्त चावले. गाइड बोलत नाहीत. तुम्ही तिला तेवढं कळवा. तिचा निरोप आला की मगच तारीख.

आणखी एक. पौर्णिमेला खुशालभाऊ राजुऱ्याच्या विहारात सगळ्यांना पंचशील देणार आहेत (पाचवं शील दारूला न शिवण्याचं). तिथं डास फार, म्हणून बाटली अंगभर लावून जाईन म्हणाले. सर्दीमुळे त्यांना वास येत नाही, पण बाकीच्यांना येईल. पौर्णिमा उद्या आहे. पत्र बसच्या कंडक्टरच्या हाती देतोय ते याचसाठी. बस पुढे राजुऱ्यालाच जाते. बाटली काढून घ्यायला, गुडघा दुखत असला तरी, त्याच बसमध्ये चढा.