डावा पल्ला वर

बर दुबई, १४ जानेवारी २०२५
सकाळचे सव्वासहा. कातऱ्यांना तेल देऊन लिहायला बसलो आहे.

ती. लतिकाआत्यास निनादचा वाकून नमस्कार.

अरुण उद्या मिरजेला निघतोय, त्याच्या हाती हे पत्र. फोनवर बोलताना शेजारी आमच्या दुकानाचे उस्ताद खैरुद्दीन असतात आणि हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

डिस्कव्हरी गार्डन्समधल्या लिन नावाच्या चिनी मुलीने लग्नाचा झगा शिवायला दिला होता. त्यांच्या तरुण मुलींत शेकडो वर्षांपूर्वीच्या वेशाची फॅशन परत आली आहे. रुंद बाह्या, पुढे एकावर एक येणारे दोन पल्ले, बाजूला बांधायचे बंद. नवरीचा रंग हिरवा, आपल्यासारखाच. कापड तिच्या आजीने विणलेलं रेशीम. नमुन्याला तिने मैत्रिणीचा फोटो पाठवला, त्यावरून मी बेतलं.

काल ट्रायलला तिची आई आली आणि झगा बघून मागे सरकली. फोटो आरशातला होता, आत्या. डावा पल्ला वर हवा होता, मी उजवा घेतला. त्यांच्यात उजवा वर घेतात तो फक्त मेलेल्या माणसाला. आई रडायला लागली. लग्न फेब्रुवारीत आहे आणि तसलं कापड आता कुठेच मिळायचं नाही. काय करू?

तुझा,
निनाद

मिरज, १९ जानेवारी

चि. निनादास उदंड आशीर्वाद.

टाचणीसुद्धा मोजून ठेवणाऱ्या माझ्या भाच्याला आरसा ओळखता येऊ नये! आधी हसले. मग ह्यांच्या श्राद्धाला गुरुजींनी आपल्या विलासला जानवं उजव्या खांद्यावर घ्यायला लावलं होतं, ते आठवलं. त्या बाईंचं रडू कळलं रे.

आता कापडाची उलट बाजू नीट बघ. पैठणीसारखं दोन्हीकडून सारखं असेल तर सगळं उसव आणि आतली बाजू बाहेर घेऊन शीव. पल्ले आपोआप बदलतील. पण आधी उस्तादांना सांग, ते काही तुला खात नाहीत.

खजूर पोचले. वेळेवर जेवत जा.

तुझी आत्या

बर दुबई, २ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार.

उस्तादांना सांगितलं. हबीबी, डोळे गावी ठेवून आलास का, असं म्हणाले आणि स्वतःच माझ्याबरोबर उसवायला बसले. रेशीम खरंच दोन्हीकडून सारखं निघालं.

काल लिन आईला घेऊन आली. आईने डावा पल्ला वर घेऊन बंद स्वतः बांधले आणि लेकीकडे बघत राहिली. मग तिला चहा आणायला पाठवलं आणि मोबाइलवर हिंदीत भाषांतर करून मला दाखवलं. स्वतःसाठी एक झगा हवा आहे, साधा निळा, उजवा पल्ला वर. घाई नाही. लेकीला सांगायचं नाही. चुकून शिवलास तो चांगला झाला होता, आता जाणून शीव, असं लिहिलं होतं.

मी माप घ्यायला उठलो. खांद्यावर टेप ठेवताच दुसरं टोक तिनेच धरलं.

तुझा लोभ आहेच, तो ओरडण्यासकट असाच राहू दे.

तुझा,
निनाद