काडीतलं गुंड्यांचं गाणं

प्रिय ताई,

या पाकिटात कापसात गुंडाळलेली बोटाएवढी एक काडी आहे. पेन ड्राइव्ह म्हणतात तिला. कचरा समजून टाकू नको. तुझ्या टीव्हीच्या मागं एक चपटं भोक आहे, तिथं ती बसते. पण आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि मगच लाव. तुला सगळ्याची घाई असते, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून ठेवते.

आम्ही सगळे बरे आहोत. ठकीला चार दात आले. भिंतीला धरून चालते, मधेच भिंत सोडते, धपकन बसते आणि कुणी बघितलं का ते आधी बघते. कुणी बघितलं असेल तरच रडते. तू पाठवलेला फ्रॉक वाढत्या अंगाचा म्हणालीस, पण त्यात अजून दोन ठक्या मावतील. हे पण बरे आहेत. शाळेची बस चालवून येतात आणि घरातसुद्धा मला म्हणतात, मागं सरका, मागं सरका. नवीन खोलीत सकाळी खिडकीतून ऊन येतं ते थेट पाळण्यापर्यंत जातं. खरंच सांगते ताई, मला एवढं चांगलं कधी नव्हतं. आणि एवढं चांगलं असलं की मला जास्तच भ्या वाटतं, ते तुला माहीतच आहे. उगाच नाही तू मला भागूबाई म्हणत.

तर आता काडीचं सांगते. रविवारी तू ठकीला न्यायला येशील. दहा दिवस ती तुझ्याकडे. खाण्यापिण्याची मला काळजी नाही, तुझ्या हातचं खाऊन मीच वाढले. काळजी झोपेची. तुझ्या गुंड्यांच्या गाण्याशिवाय ती झोपत नाही. तू शर्टांना गुंड्या लावता लावता मला मांडीवर घेऊन म्हणायचीस ना, एक गुंडी कपाळाला, एक गुंडी गालाला, ते. मीच म्हणेन म्हणशील, पण तिला ते माझ्या आवाजात लागतं. ह्यांनी म्हणून बघितलं तर उठून बसली आणि त्यांच्या तोंडावर हात ठेवला. शेजारच्या आजींनी म्हटलं तर आजीच झोपल्या. दहा दिवस ही पोर झोपली नाही तर तुझं दुकान बंद पडेल, आणि मी जिथं असेन तिथं मला झोप लागणार नाही. म्हणून मी ठरवलं की माझं तोंड आणि माझा आवाज तुझ्याबरोबर द्यायचा.

फोनवर काढून बघितलं आधी. आवाज डब्यातनं आल्यासारखा. ठकीनं फोन उलटा करून मागं बघितलं, मी तिथं नाही म्हटल्यावर भोकाड पसरलं. मग मी जिथं झाडलोट करते ना, गाणी भरायचा स्टुडिओ, तिथल्या दादांना विचारलं. त्यांना सगळे कानवाले दादा म्हणतात, कारण कानावरचे हेडफोन ते जेवतानाही काढत नाहीत. ते म्हणाले, त्यात काय बाई, तुम्ही आतल्या खोलीत मोठ्या माइकवर म्हणा, समोर फोन तुमचं तोंड घेईल, आवाज आणि चित्र मी कॉम्प्युटरात जोडून देतो, दहा मिनिटांचं काम. ताई, त्यांची दहा मिनिटं आणि तुझं गिऱ्हाइकांना सांगितलेलं उद्या नक्की, ही सख्खी भावंडं आहेत. चार दुपारी गेल्या.

ती आतली खोली मी रोज पुसते, पण दार लावून कधी बसले नव्हते. दार गादीएवढं जाड. लावलं की बाहेरचं जग बंद. एवढी शांतता की आपलं काळीज आपल्याला ऐकू येतं. माझं जरा लंगडत चालतं, तेसुद्धा ऐकू आलं. पहिल्यांदा मी डोळे मिटूनच म्हटलं. दादा काचेतून म्हणाले, बाई, डोळे उघडा, पोरीला आई दिसू दे की. मग फोनच्या मागं ठकी आहे असं समजून म्हटलं. चांगलं झालं.

आता त्या सॉफ्टवेअरमध्ये काय असतं, तुझ्या भाषेत सांगते. आवाजाची एक पट्टी, चित्राची एक पट्टी, एकाखाली एक अंथरलेल्या. ते म्हणजे तुझं बेतून टाचून ठेवलेलं कापड. पण टाचलेलं कापड काय गिऱ्हाइकाला देता येत नाही. ते शिवून, धागे कापून एकसंध करायचं, त्याला ते एक्सपोर्ट म्हणतात. आणि नेमकं तिथंच घोडं अडलं.

पहिली फाइल निघाली. चित्रात मी तोंड हलवतेय आणि आवाज काय, तर नुसतं टिक टिक टिक. घड्याळ गिळल्यासारखी. ताल चुकू नये म्हणून दादा गाणाऱ्याच्या कानात टिकटिक सोडतात, तिची वेगळी पट्टी असते. ती तेवढी आली, गाणं गायब. दादांनी वायरी बघितल्या, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, ज्यानं ते सॉफ्टवेअर बनवलं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. तासाभरानं दिसलं की बटनांच्या पाटावर टिकटिकीसमोरचं एक बारकं बटन दाबलेलं आहे. ते दाबलं की तेवढी एकच पट्टी वाजते आणि बाकी सगळ्यांची तोंडं बंद. मी चालू केलं नाही, दादा म्हणाले. मग मला घाम फुटला. कारण त्या पाटावरनं दुपारी ओलं फडकं कुणी फिरवलं होतं, तर मी. पाच वर्षांत कुणी मला तिथं पुसू नको म्हटलं नाही आणि मी रोज चकाचक करते. कबूल केलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, हात आहेत का नांगर. दादा नुसते खुर्चीत मागं रेलले आणि म्हणाले, म्हणजे पाच वर्षं मी ज्याला मशीनमधलं भूत समजत होतो, ते तुम्ही. मग आम्ही दोघं इतके हसलो की मला खाली बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी गाणं आलं, पण कपाळाच्या गुंडीपर्यंत तोंड आणि आवाज बरोबर आणि पुढं पुढं फाटत गेलं. शेवटी माझं तोंड मिटलेलं आणि गाणं चालूच, जशी मी पोटातनं गातेय. ठकी घाबरली असती. दादा म्हणाले, फोन चित्र काढताना कधी भरभर चालतो, कधी रेंगाळतो, आणि माझं मशीन एकाच चालीनं चालतं. मी म्हटलं, एक कापड आटतं आणि दुसरं आटत नाही, तसंच ना? मग आमची ताई ते आधी पाण्यातनं काढते, वाळवते आणि नंतर शिवते. मग त्यांनी फोनचं चित्र आधी एका दुसऱ्या प्रोग्राममधनं काढून एका चालीचं केलं आणि मग जोडलं. बसलं बघ बरोबर. त्यांनी विचारलं, तुमची ताई काय इंजिनिअर आहे का. मी हो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी मात्र कहर झाला. गाणं तीन मिनिटांचं आणि फाइल निघेचना. ती निळी रेघ मुंगीसारखी सरकायची. शेवटी मशीन म्हणालं, जागा संपली. गाणं तीन मिनिटांचं, आणि ते एक्केचाळीस मिनिटांची फाइल करत होतं. तीन मिनिटं मी आणि पुढं सगळा काळोख. दादा म्हणाले, कुठंतरी लांब एखादा तुकडा पडलाय. शेवटचा तुकडा असेल तिथपर्यंत हे शिवतच जातं. आधीच्या दोन वेळा मी गाण्यापुरतीच खूण करून काढलं, आज ती खूण करायची राहिली. मला लगेच कळलं, दोरा तोडायचा राहिला. त्यांनी पट्टी लांब लांब सरकवली, आणि पार टोकाला सापडला एक नखाएवढा तुकडा.

झालं होतं असं. त्या पहिल्या दुपारी माझं गाणं झाल्यावर दादांचा फोन आला आणि ते बोलत बाहेर गेले. रेकॉर्डिंग चालूच राहिलं, दोघांच्याही लक्षात नाही. मी आतच बसून राहिले. एवढी शांतता कुठं मिळते. नंतर दादांनी एका बटनानं सगळी शांतता कापून टाकली, आवाज असलेलं तेवढं ठेवलं. गाणं राहिलं आणि एक्केचाळिसाव्या मिनिटाला मी काहीतरी बोलले होते, ते राहिलं.

दादांनी आधी एकट्यानं ऐकलं. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना हेडफोन काढून ठेवताना बघितलं. म्हणाले, बाई, हे तुमचं आहे, तुम्ही ऐका, मी चहा सांगून येतो. मी कानाला लावलं. ताई, त्यात मी ठकीशी बोलत होते. रविवारी जाताना तिला काय सांगायचं, ते घोकून बघत होते. एवढंच वाक्य. आई कामाला जातेय, लगेच येते हं. आणि तो आवाज माझा नव्हता. तुझा होता. अगदी तसाच, लगेचवर जोर देऊन.

तुला आठवतंय ना. मी चार वर्षांची, तू सोळाची. दारात उभी राहून तू मला तेच सांगितलंस, आई कामाला गेलीये, लगेच येते. मी तिच्या चपला घेऊन उंबऱ्यावर बसायचे. आई आली ती दोन महिन्यांनी. मी तिच्याकडे गेले नाही. मला न सांगता कामाला गेली म्हणून रुसले आणि तुझ्या कमरेला चिकटून राहिले. ती हात पसरून उभी होती. ती दवाखान्यात होती हे मला फार मोठी झाल्यावर कळलं. आई त्यानंतर चांगली बारा वर्षं जगली, पण ते हात पसरलेले मी विसरले नाही. तुला दोष देत नाही. तू तरी किती मोठी होतीस.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. फोनवर सांगितलं असतं तर माझा श्वास ऐकूनच तू ओळखलं असतंस. स्टुडिओचे लोक दहा दिवस बाहेरगावी कामाला नेणार आहेत, असं मी तुला सांगितलं, ते खोटं आहे. माझ्या काळजाची एक झडप नीट मिटत नाही. ठकीच्या वेळेपासून दम लागतो. सोमवारी भरती, मंगळवारी ऑपरेशन. हे रजा घेऊन माझ्याजवळ राहणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, असली ऑपरेशनं त्या दर आठवड्याला करतात, म्हणजे तुझ्या भाषेत हुक बसत नाही, तो दुरुस्त करायचा. मला भ्या वाटतं, पण त्यांच्या हाताचं नाही. भ्या वाटतं की मी हात पसरून उभी राहीन आणि ठकी तुझ्या कमरेला चिकटेल. म्हणून तिला कामाला गेली म्हणू नको. तिला कळणार नाही म्हणशील, पण तिला सगळं कळतं. काडीतनं तो तुकडा मी काढायला लावला, आणि दादांकडून गाणं संपल्यावर एक नवीन वाक्य भरून घेतलं. तिला म्हटलंय, ठके, आई दवाखान्यात आहे, दुरुस्त होऊन येते. चौथ्या दुपारी एका दमात फाइल निघाली, टिकटिक नाही, काळोख नाही. तेव्हा रागाव, हवं तेवढं रागाव, आणि रागावून झालं की रविवारी ये. आणि रोज गाणं संपलं की टीव्ही लगेच बंद करू नको, पुढं मी आहे.

तुझीच,
भागूबाई