दाराबाहेरून ऐकलेलं रडणं

तंजावूर,
१४ सप्टेंबर १९९६

प्रिय भामाक्का,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. प्लास्टरातला पाय घेऊन नागपूरहून निघायचं वेड डोक्यात घेऊ नकोस. तुझ्या लेकीची, लावण्याची तब्येत ठीक आहे. टाके सुकताहेत, मी पाठवलेला रसम-भात नावं ठेवत का होईना खाते. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण बूथमध्ये मागे रांग लागली की माझ्या तोंडून 'बरं आहे, बरं आहे' एवढंच निघतं.

नातवाचं जातक फार उत्तम आहे म्हणून लिहितेस. तुझ्या व्याह्यांनी, सांबशिवरावांनी, त्याच दिवशी फोनवर सांगितलं असणार. त्यांच्याकडे पहिल्या रडण्याची वेळ तीच जन्मवेळ. घड्याळ हातात धरून ते प्रसूतिगृहाच्या दाराशी उभे होते. रडणं ऐकलं, वेळ टिपली आणि तडक जोशांकडे गेले. वाटेत खडीसाखरही वाटली.

अक्का, ते रडणं शेजारच्या टेबलावरच्या मुलीचं होतं, पापनाशमच्या कुणा बाईच्या.

आपलं बाळ माझ्या हातात निळं, लुळं पडलं होतं. पुसलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या, काही नाही. ठोके मंद होते, श्वास नव्हता. तोंडावर श्वासाची पिशवी लावून हाताने वारा देत राहिले. आमचे सुब्रह्मण्य डॉक्टर शेवटी म्हणाले, "वाणी, पोदुम. पुरे आता." मी ऐकलं नाही. दुसऱ्या कुणाचं मूल असतं तर ऐकलं असतं. मग एक उचकी आली आणि त्यामागून श्वास.

तो अजून रडलेला नाही. झटके येतात, दूध नळीनेच जातं. सांबशिवरावांना त्याला मद्रासला न्यायचंय, तिथल्या नव्या हॉस्पिटलातल्या परदेशी यंत्रावर. "जातकात दीर्घायुष्य आहे," म्हणतात. तो वाटेतच जाईल. आणि यंत्र नुसता श्वास देतं, गेलेला मेंदू नाही. त्या चुकीच्या जन्मवेळेचं त्यांना अजून सांगितलं नाही. मीच सांगेन, तू बोलू नकोस.

लावण्याने विचारलं, "मौशी, पुन्हा श्वास थांबला तर?" काल तिला आणि तुझ्या जावयाला, श्रीकरला, समोर बसवून सांगितलं: पिशवी लावायची नाही. ऊब, दूध आणि आईची कूस, एवढंच. दोघं खूप रडली, मग हो म्हणाली.

पण माझे हात ऐकायचे नाहीत, अक्का. मी फार दमलेय. म्हणून आज सकाळी त्याची केस सुब्रह्मण्यांकडे दिली. आता पांढरा कोट बाहेर काढून आत जाते आणि त्याला मांडीवर घेऊन बसते.

तू येईपर्यंत तुझ्या जागी बसलेली,
वाणी