रिकामी खुर्ची

तीर्थस्वरूप मामंजींना सुनेचा नमस्कार.

पाण्याच्या टँकरच्या रांगेत उभं राहायला तुम्ही माझ्या लेकीची, शीतलची शाळा बंद केली, तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरेना. आपलं उदगीर जिल्हा होऊन तिथं मोठा दवाखाना यायचा तेव्हा येईल. मी लातूरला बहिणीकडे आले. डॉक्टर म्हणाले, घसा चांगला आहे, समुपदेशनाच्या बाईंना भेटा.

बाईंनी आधी सावकाश श्वास सोडायला शिकवलं. मग घास अडकतो तेव्हा मनात काय येतं, ते विचारलं. दर वेळी तुम्हीच आलात. म्हणून त्यांनी समोर रिकामी खुर्ची ठेवली. "इथं सासरे बसलेत. बोला."

मी पदर ओढला आणि खाली फरशीवर बसले.

बाई हसल्या नाहीत. "बरं, आता तुम्हीच सासरे व्हा. खुर्चीत बसून सुनेशी बोला."

भीत भीत बसले. खाली पाहिलं. इथून तुम्हाला नुसता पदरच दिसत असेल. मग तुमच्या आवाजात माझ्या तोंडून निघालं, "पोरी, तुझं नाव काय गं?"

तुमच्या घरी मी कायम नरसिंगची बायको.

त्या दिवशी भाकरी लई गोड लागली. हे पत्र टाकत नाही. सोमवारी शीतलला शाळेत घालायला गावी येतेय. तेव्हा तुमच्यासमोर खुर्ची घेऊनच बोलेन.

चंद्रकला