हाताचा गुण आणि पेटीतली ओल

आई, तुला अक्षर वाचता येत नव्हते आणि मला चौथीपर्यंतचेच येते. तरीही लिहितो, कारण काल आपल्या घरात चोवीस अंड्यांतून एकोणीस पिल्ले निघाली, आणि ती अंडी माझ्या हाताने बसवलेली होती.

अजून डोळ्यांसमोर आहे: मी नऊ वर्षांचा आहे. वैशाख आहे. चुलीमागे टोपलीत भाताचे तूस, त्यात कोळसा आणि लोखंडी खिळा, वर खुडूक कोंबडी. बारा अंडी तू माझ्याकडून ठेवून घेतेस आणि बजावतेस, "ऊन फार आहे. रोज एकदा बोटांनी पाणी शिंपड." एकविसावा दिवस जातो, एकही अंडे टिचत नाही. मग तू ती फोडतेस. आत पुरी वाढलेली, ओलीचिंब, मेलेली पिल्ले. तू रागावली नाहीस. एवढेच म्हणालीस, "ह्याच्या हाताला गुण नाही. पुढं अक्काला बसवू दे."

त्यानंतर मी अंड्याला हात लावला नाही. पुढे गिरणीत भाताचा दाणा चावून ओल सांगणारा म्हणून माझा मान होता. घरी कोणी अंडी बसवू लागले की मी ओसरीवर जाऊन बसत असे.

यंदा सुनेने पिल्ले विकण्याचे मनावर घेतले. अंडी आपोआप फिरवणारी पोलादी यंत्रे हल्ली दुकानांत आली आहेत, पण ती आमच्या आवाक्यातली नव्हेत. नवे टीव्ही आल्यापासून आमच्या गल्लीतला रेडिओ दुरुस्त करणारा रिकामाच असतो. तो प्लायवूडच्या पेटीत दोन बल्ब आणि लहान पंखा बसवून देतो. तीच घेतली. ऐप्पसीचा, आश्विन-कार्तिकातला, पाऊस लागला होता, तरी सुनेने पेटीतली ओलीसाठीची पाण्याची दोन्ही ताटे काठोकाठ भरून ठेवली. एकही पिल्लू निघाले नाही. तिने अंडे फोडले आणि मी दारातच थांबलो. तेच ओलेचिंब पिल्लू. तिच्या हाताला तर गुण आहे. तिने खोवलेली शेवग्याची काडीसुद्धा जगते.

गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर मला म्हणाला, "पाणी जास्त झालं, ऐया. पिल्लू आतच बुडालं. ह्यात हाताचा काय दोष?"

त्याच्या सांगण्यावरून दोन तापमापक टांगले, एकाच्या टोकाला समईची ओली वात गुंडाळली. हवा कोरडी असेल तितका दोहोंतला फरक वाढतो. तेवढी वजाबाकी मला येते. अठरा दिवस पाण्याची एकच लहान वाटी ठेवली, शेवटचे तीन दिवस दुसरी. अंडी मीच ठेवली. कोपऱ्यात खिळाही ठेवला, तेव्हा सून हसली, "मामंजी, मशीनला कुणाची दृष्ट लागणार?"

"मशीनला नव्हे, मला," मी म्हणालो.

काल पहिली चोच दिसली आणि मी स्टुलावर बसलो तो संध्याकाळपर्यंत उठलो नाही. छातीवरून भाताचे पोते उतरावे तसे झाले.

हा कागद घडी करून पेटीखाली सारीन. ती एका पायावर डुगडुगते. पण त्याआधी एक लिहिले पाहिजे. तू विचारले होतेस, "दिवसातून एकदाच शिंपडलंस ना?" आणि मी होय म्हणालो होतो. एकदा नव्हे, आई. तू विहिरीवर गेलीस की, अप्पांचा डोळा लागला की, ओंजळीओंजळीने. पिल्ले लवकर निघावीत म्हणून.